पाव्हणी

कमळ गेल्याचं मला तिच्या सुरेशनं सांगितलं, दारात उभं राहून, चपलाही न काढता. "मावशी, आई गेली." मी आपली वेड्यासारखी विचारतेय, "कुटं गेली रे सकाळी सकाळी, कंबर धरून?" तो तिथंच उंबऱ्यावर खाली बसला... मग कळलं. दुखण्यानं नेलं नाही तिला. तिनंच आपला जीव संपवला. दीड महिना होत आला त्याला.

कुंभारीच्या वसाहतीत आमची दारं समोरासमोर. विड्या वळता वळता आम्ही दोघी म्हाताऱ्या झालो. मांडीवर सूप, मान खाली... माझे गुडघे गेले, तिची कंबर गेली. पण तिचं दुखणं भलतंच निघालं. पायापर्यंत कळ जायची, बसवेना, निजवेना. त्यात वर्षं गेली. गोळ्या झाल्या, शेक झाले, सुरेशनं टॉवेलच्या कारखान्यात खाडे करून मोठ्या दवाखान्यात नेलं. फोटोत फारसं काही दिसेना. मग जो तो म्हणायला लागला, "रिपोर्ट चांगला हाय म्हणं, मग दुखतंय कसं?" कळेपेक्षा ह्या प्रश्नानं ती जास्त खचली, असं मला वाटतं.

म्हणून तिनं त्या कळेला नावच ठेवलं, पाव्हणी. "आज पाव्हणी आलीय गं, माज्यानं विड्या व्हायच्या न्हाईत." हळूहळू सगळी गल्ली तेच बोलायला लागली. "कमळाक्का, गेली का पाव्हणी?" "कुटली जातीय! च्याला थांबलीय की." दुखतंय म्हटलं की माणसं उठून जातात आणि पाव्हणी म्हटलं की घटकाभर बसतात, हे तिनं बरोबर ओळखलं होतं.

एकदा दवाखान्यात सुरेशबरोबर मीही गेले होते. डॉक्टरीणबाई चांगल्या, त्यांनी सरळच विचारलं, "आजी, जगणं नकोसं वाटतं का कधी?" कमळ म्हणाली, "छे हो, काय तरीच." बाहेर रिक्षात बसताना मात्र माझ्या कानाशी आली, "शेजारी लेक हुबा, आन् आसं इचारत्यात व्हय?" म्हणजे उत्तर दुसरंच होतं... घरी आल्यावर मी विचारलं, तर म्हणाली, "च्या ठेव आधी."

गेली त्याच्या आदल्या संध्याकाळी ती माझ्या ओट्यावर बसली होती. पाठीशी नेहमीची चादरीची वळकटी. उठताना म्हणाली, "लई दिस ऱ्हायली ही पाव्हणी. आता मीच पोचवून येते तिला."

मी म्हटलं, "जायचंच तिकीट काढ, यायचं नको."

ओट्यावरच्या सगळ्या हसल्या. कमळही हसली. सुरेश गाडी पुसत होता, तोही हसला... आता तो रोज येऊन विचारतो, "मावशी, आई काय बोलली व्हती का?" त्याला काय सांगू? आम्ही सगळ्यांनी ऐकलं होतं की. तुमच्या घरात असं कुणी दुखणाईत असेल, तर एकट्याला गाठून विचारा. हसून टाळलं, तर पुन्हा विचारा. डॉक्टरांशीही एकट्यानं बोलू द्या. मला एवढंच कळतं, तेही आत्ता.

परवा अकलूजहून लेकीची सासू आली. फाटकाची कडी वाजली तशी माझी सून आतून सवयीनं ओरडली, "कोण, पाव्हणी आली का?" ओट्यावर सगळ्यांचे हात सुपातच थांबले. विहीणबाई बिचाऱ्या अवघडून उभ्या, त्यांना काय ठाऊक. जागा करावी म्हणून मी वळकटी उचलायला गेले. कमळच्या पाठीचा खळगा तिच्यात अजून तसाच होता...

"हितं नको," मी म्हटलं, "तुमी आत बसा."