ड्रॉवरमधला बॅज

आमच्या ह्यांचा पाय एका जागी ठरत नाही. एक्स-रेच्या खोलीत तीस वर्षं दुसऱ्यांना "हलू नका" सांगून यांच्या वाट्याची सगळी हालचाल घरी येऊन होते, असं मी चिडवते. या आठवड्यात मात्र चिडवायची सोय नव्हती. लेकीला तिसरा महिना लागलाय, आणि कळलं ते उशिरा. तीही त्याच खोलीत काम करते, ह्यांच्याच हाताखाली तयार झालेली.

शिकवताना जेवणाच्या टेबलावर सांगायचे, "डीएनए म्हणजे दोनपदरी दोरी समज. किरणांनी एक पदर तुटला, तर दुसऱ्याकडे बघून पेशी तो सांधते. दोन्ही एकाच जागी तुटले, की टोकं भलतीकडे जोडली जाऊ शकतात. पेशी तशीच जगली, तर ती चूक पुढच्या पेशींत उतरते." भाजी गार व्हायची, लेक ऐकत राहायची.

डॉक्टरीणबाईंनी तिच्या छातीवरच्या बॅजचा अहवाल मागवला. किरणं किती लागली ते त्यात नोंदलं जातं. तो येईपर्यंत ह्यांनी फरशा झिजवल्या. खिडकी उघडायचे, लावायचे, पुन्हा उघडायचे. काल आकडा आला, जवळजवळ शून्य. माझा जीव भांड्यात पडला. हे दोघं मात्र मान वर करेनात.

घरी आल्यावर लेक म्हणाली, "आई, एक्स-रे काढताना रडकी मुलं धरून ठेवायला आत जावं लागतं, तेव्हा आम्ही बॅज ड्रॉवरमध्ये ठेवतो."

आकडा वाढला की चौकशी होते, माणसाला कामावरून बाजूला करतात, आणि खोलीत माणसं दोनच. म्हणून ही युक्ती. शिकवली कोणी, हे विचारायची गरज नव्हती. मला ह्यांचा भयंकर संताप आला.

"बाबा, खरं किती लागलं असेल?"

"शिशाचा एप्रन होता ना. बहुतेक काही नसेल."

"बहुतेक नको. किती?"

ते खाली बसले. "नाही सांगता येणार, पोरी."

आज सकाळी दोघं बाईंकडे गेलेत, ते शून्य खोटं आहे हे सांगायला. मग खरा आकडा कोणता, असं बाई विचारणारच. तो कुठेच नोंदलेला नाही.