बाईंच्या ताटातलं भरीत

वांगी भाजल्याचा वास आला की माझा अजून जळफळाट होतो. साठच्या दशकात जळगावला नाटकासाठी आलेल्या एका विख्यात नटीला जेवू घालायचा मान मी आमच्या नाट्यमंडळात भांडून मिळवला होता. एवढी मोठी बाई, म्हणून घरी श्रीखंड-पुरीचा बेत केला. त्या पाटावर बसल्या, तोच माझा मित्र डबा घेऊन हजर! "बाई, भरीत नि कळण्याची भाकर. मायनं चुलीवर भाजेल शे." बाईंनी माझं श्रीखंड बाजूला सारलं, बोटं चाटत त्याला शेजारी बसवलं आणि माझ्याकडे पाहून गोड हसल्या, "भाऊ, जरा पाणी आणता?" तोच मित्र आता माझा व्याही आहे. परवा लेकीच्या सासरी गेलो, तर भरल्या पंगतीत विहीणबाईंनी विचारलं, "बाईंना पाणी देणारे ते तुम्हीच ना?"