फ्रेमच्या मापात

जिल्ह्यातल्या जुन्या खेळाडूंचं गौरव दालन अमरावतीत होणार आणि त्यात माझाही फोटो लागणार, हे कळलं त्या दिवशी मी बायकोला ते तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा ती म्हणाली, "आयकलं मी. भाजी निवडू देता का?" समितीत आम्हीच होतो, निवृत्त पी.टी. मास्तर आणि गुडघे गेलेले खेळाडू. शाल कोणत्या रंगाची यावर आमची एक अख्खी बैठक गेली. अट एकच ठरली, एका खेळाडूला एक फ्रेम आणि फोटो मैदानावरचाच हवा.

माझे सगळे फोटो वाळवीनं खाल्ले होते. एक तेवढा शिल्लक असण्याची शक्यता होती आणि तो अकोल्यात होता, ज्या घरी मी तीस वर्षांत पाऊल टाकलं नव्हतं त्या घरी.

कबड्डीची अंतिम लढत होती ती. मी कोपऱ्यात खेळायचो. अकोल्याचा एक चढाईवाला आम्हाला जेरीस आणत होता. मध्यंतराच्या आधी पेपरच्या फोटोग्राफरनं आमचा दोघांचा फोटो काढला आणि पुढे दोघांनाही एकेक प्रत पाठवली. मध्यंतरानंतर तो पुन्हा चढाईला आला, तेव्हा मी त्याला कमरेत धरला, उचलला आणि आपटला. शिट्टी झाली. आम्ही जिंकलो, पोरांनी मला खांद्यावर घेतलं. तो उठला नाही. कमरेखालून तो पुन्हा कधीच उठला नाही. पकड नियमात होती. हे वाक्य मी इतक्या लोकांना ऐकवलंय की आता माझं मलाच त्याचा वीट येतो.

तर त्या माणसाच्या दारात मी फोटो मागायला गेलो. निर्लज्जपणाच होता तो, दुसरा शब्द नाही. तो चाकाच्या खुर्चीवर बसून हरभरा सोलत होता. मला त्यानं लगेच ओळखलं. चहा झाला. मी चाचरत विषय काढला, तर त्यानं खुर्ची वळवली आणि पेटीतून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला फोटो काढून माझ्या हातात दिला.

"घेऊन जा," तो म्हणाला. "पन एक आयक. माह्या उभ्याचा हा एकच फोटो हाये. लग्नात फोटोवाला नोता सांगितला. आन पोरगी तवा रांगतही नोती. तिनं मले पायावर उभं कदी पाह्यलंच नाही."

"हा दाखवला नाही तिला?"

"हिंमत नाही झाली. आता भिंतीवर लागू दे. चार लोकायसमोर दाखवतो तिले, का हा तुहा बाप."

मी शब्द दिला. दोघंही भिंतीवर दिसू, असं म्हणालो. परतीच्या एस.टी.त मला इतकं हलकं वाटलं की मूर्तिजापूरला उतरून मी भजी खाल्ली.

फोटो फ्रेमवाल्याकडे दिला. आठवड्यानं त्यानं तयार फ्रेमचा फोटो मोबाईलवर पाठवला. मी पाहिला, चष्मा लावून पाहिला, आणि "छान" असं लिहून पाठवलं.

उद्घाटनाच्या दिवशी तो पोरीला घेऊन अकोल्याहून भाड्याच्या गाडीनं आला. इस्त्रीचा शर्ट, केसांना तेल. हॉलच्या पायऱ्यांवरून आम्ही त्याला खुर्चीसकट उचलून वर नेलं. भिंतीवर ओळीनं फ्रेम होत्या, पोरगी एकेक पाहत पुढे चालली होती. माझ्या फ्रेमसमोर त्यानं तिला थांबवलं.

फ्रेममध्ये मी एकटाच होतो. माझ्या खांद्यावर मनगटापर्यंत कुणाचा तरी हात होता, आणि तिथं चौकट संपत होती.

पोरीनं फोटोकडे पाहिलं, मग बापाकडे. "तुमी कुठं हाये यात, बाबा?"

त्यानं खुर्ची फ्रेमजवळ सरकवली. मग म्हणाला, "हात हाये माहा. पाह्य, शिवलो मी त्याले. थो बाद हाये तिथं."

तेवढ्यात माइकवरून माझं नाव पुकारलं. मी गेलो. शाल घेतली, नारळ घेतला, टाळ्याही घेतल्या. आज लिहितानाही मला त्या घेण्याची किळस येते. खाली आलो तोवर त्यांची गाडी निघून गेली होती.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधीच मी फ्रेमवाल्याच्या शटरपाशी उभा होतो. एका फ्रेमला एक खेळाडू, असं त्याला समितीनंच सांगितलेलं. दुसरा माणूस मापात बसेना, म्हणून त्यानं फोटोच कापला होता. उरलेला तुकडा मागितला तर म्हणाला, "सर, मी मोबाईलवर पाठवला त्या दिवशी बोलले असते, तर टोपलीत भेटला असता. आता कुठून आनू? घंटागाडीत गेला."

अकोल्याला फोन लावला. पोरीनं उचलला. मी सगळं सांगितलं, "छान" लिहिलं होतं तेही सांगितलं. ती रडेल, शिव्या देईल असं वाटलं होतं. तिनं तसं काही केलं नाही.

"जाऊ द्या, काका," ती म्हणाली. "पन तुमी तर पाह्यला असंन ना थो फोटो? कसे दिसत होते बाबा? मिशी होती का त्यायले? लय उंच होते का?"

मी आठवायला लागलो. अकोल्याहून अमरावतीपर्यंत फोटो माझ्या मांडीवर होता, चार वेळा तरी पिशवीतून काढून पाहिला होता. माझी छाती आठवली, माझे दंड आठवले, कपाळावर आलेले माझे केस आठवले. ती फोनवर थांबून होती. त्याला मिशी होती की नव्हती, तेच आठवेना.