तबकडीतली वाहवा

मोमिनाबादेत तेव्हा गाण्यात माझं मोठं नाव होतं. हे मीच सांगायला हवं, कारण सांगणारी माणसं आता उरली नाहीत. तबकड्यांसाठी गाणी भरून घ्यायला एक साहेब हैदराबादेत भाड्याच्या बंगल्यात उतरला आणि मला बोलावणं आलं. जोडीनं गायला एक बुवा होता. गळा असा, की माझाही जळफळाट व्हावा. निघण्याआधी माझ्या सारंगीवाल्यानं बजावलं होतं, "बाई, मानूस चांगला न्हाई. त्याच्याकडं शिकायला गेलेल्या बाया फुडं कुठं जातेत, कुनाला कळत न्हाई." मी त्याला उडवून लावलं. म्हटलं, मला त्याच्याबरोबर गायचंय, सोयरीक नाही करायची.

भोंग्यात डोकं खुपसून आम्ही गायलो. चुकलं की मेणाची नवी चकती आणि साहेबाची चिडचिड. तिसऱ्या खेपेला गाणं जरा लवकर संपलं. चकती फिरतच होती. साहेब हातानं खुणावू लागला, काहीतरी बोला, रिकामं सोडू नका. सुचलं ते मी ठोकून दिलं, "वाहवा बुवा! गुरू असावा तर असा!" तेही भरलं गेलं.

तबकडी तुफान चालली. गेवराईच्या बाजारात, परळीच्या जत्रेत फोनोवाले तीच लावायचे. वर्षा-दीड वर्षानं बातमी आली. शिकवायला म्हणून नेलेली एक तरुण विधवा बुवानं कुण्या जहागीरदाराच्या वाड्यावर विकली होती. त्याआधी अशाच विकलेल्या आणखी दोघी उघडकीला आल्या. त्याला कुणी दारात उभं करेना. मला मात्र कुणी एका शब्दानं बोललं नाही. उलट हळहळले, बाईंचं नाव उगाच त्याच्याशी जोडलं गेलं म्हणून. त्या हळहळीचा मला संताप यायचा. मैफल भरलेली असायची, पानाचं तबक पुढं यायचं, आणि मी इतकी एकटी असायचे की घरी जाऊनही ते एकटेपण उतरायचं नाही.

मग त्या विधवेची आई आली. गेवराईकडच्या मेंढरं राखणाऱ्या घरातली. चालत आलेली. ओट्यावर टेकली. मला वाटलं, आता शिव्या देईल. खरं तर मी त्याचीच वाट बघत होते.

"पोरीचा गळा लई गोड," ती म्हणाली. "बाजारात तुमचं गानं आयकलं. तुमी म्हन्लाव, गुरू असावा तर असा. म्हनून धाडली. तसं कावून म्हन्लाव, बाई?"

चकती रिकामी राहू नये म्हणून, हे कोणत्या तोंडानं सांगणार होते मी? पाण्याचा तांब्या तिच्यापुढं सरकवला.

"आता त्या फोनोत दुसरं बोला. म्हना, तो वाईट हाय. तुमचं समदे आयकतेत. दुसऱ्याची पोर तरी जायची न्हाई."

मी तिला समजावत बसले. तबकडी कंपनी काढते, तिथं फक्त गाणं भरतात, साहेब असल्या गोष्टीला तयार व्हायचा नाही. यातलं काहीच खोटं नव्हतं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. "असं हाय व्हय," म्हणाली, पाणी प्याली आणि निघाली. मुलगी परत मिळाली का, हेही मी विचारलं नाही.

कंपनी ऐकणार नव्हती, कबूल. पण ओटा माझा होता आणि समोर ती एकटीच होती. तो वाईट आहे आणि मला ते आधीपासून ठाऊक होतं, एवढं तिला सांगायला कुणाची परवानगी लागत नव्हती. मी ते सांगितलं नाही.