खिळ्यावरची किल्ली

"पाणी नको ताई, घरूनच पिऊन निघालेय."

देवासच्या आमच्या कंपनीत ती दोन वर्षं होती, आणि हे वाक्य मी रोज ऐकलं, अगदी मे महिन्यातही. कुणाकडे काहीच न घेणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. मला वाटलं, धारची जुनी मराठी मंडळी, भिडस्त असायचीच.

माल रवाना करायचं काम तिच्याकडे होतं. धामनोदच्या ढाब्यावर रेंगाळणाऱ्या ड्रायव्हरला ती फोनवर म्हणायची, "क्यूं भिया, वहीं घर बसा लिया क्या?" ड्रायव्हर पहिल्या दिवसापासून तिला दीदी म्हणत. घरच्यांनी मुलगा म्हणून वाढवलेली ही बाई साडी नेसून, नव्या नावाचे कागद घेऊन रुजू झाली, तेव्हा ऑफिसातल्या आम्हा शिकलेल्यांना तिला काय म्हणावं ते ठरवायला सहा महिने लागले.

मी एचआरमध्ये. तिची नेमणूक माझ्याच हातची. 'इथे सगळ्यांना जागा आहे' असं पोस्टर मी भिंतीवर लावलं, त्यावर फोटोही तिचाच. फार मिरवत होते मी.

आता खरं सांगते. आमचा कारखाना बांधणाऱ्यांच्या डोक्यात बायका नव्हत्याच. वर्षानुवर्षं भांडून मी दुसऱ्या मजल्यावर बायकांसाठी एक बाथरूम मिळवलं. पुरुष घुसतात म्हणून कुलूप घातलं आणि किल्ली माझ्या टेबलाशेजारी खिळ्याला अडकवली. जिला हवी तिने न विचारता उचलायची, अशी रीत. ती आली तेव्हा दोघीतिघींनी कुरकुर केली. मी म्हटलं, बघू सावकाश. तिला कुणी नाही म्हटलं नाही, पण घे असंही कुणी म्हटलं नाही. ती खिळ्याकडे एकदा बघायची आणि फाइल ठेवून निघून जायची.

दुसऱ्या उन्हाळ्यात ती कामावरच तापाने फणफणली. लघवीचा संसर्ग मूत्रपिंडापर्यंत पोचला होता. ही दिवसभर पाणी का पीत नाही, असं डॉक्टरांनी मला विचारलं. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

बरी झाल्यावर तिने राजीनामा पाठवला आणि देवास सोडून धारला परतली. मी दुसरी किल्ली करून घेतली आणि धारला तिच्या खोलीवर गेले. माफी मागितली, परत ये म्हटलं. तिने किल्ली हातात घेऊन पाहिली आणि माझ्या पर्सवर ठेवली.

"पुढच्या मुलीला पहिल्याच दिवशी द्या. मला धामनोदच्या ट्रान्सपोर्टवाल्यांनी बोलावलंय. तिथे सगळे आवाजाने ओळखतात."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं.

मग तिने तांब्या पुढे केला. मी उन्हातून आलेली, तीन भांडी पाणी प्याले. थोड्या वेळाने मला जावंसं वाटू लागलं आणि विचारायचा संकोच झाला. तिला लगेच कळलं.

"मागच्या बाजूला आहे ताई. कडी लागत नाही. निवांत जा, मी बाहेर उभी राहते."

दोन वर्षांत मला तिच्यासाठी एवढंसुद्धा सुचलं नव्हतं. दाराखालच्या फटीतून तिची पावलं दिसत होती. मी बाहेर येईपर्यंत ती जागची हलली नाही.