करंगळीएवढी धार

लातूर नवं नवं जिल्हा झालं तेव्हा गावात कलेक्टर आला, एसपी आला, त्यांच्या मागं पाट्या रंगवणारे आले. पाणी तेवढं आलं न्हाई. दुष्काळ होता. नळ चार दिवसांनी सुटायचा, तोबी तासभर. त्यात आमचं घर जुनं, पाईप जुना, अन् आमचे अण्णा, म्हणजे वडील, दोघांहून जुने.

धार कमी झाली की लातुरात एकच इलाज. अंगणात खड्डा खांदायचा अन् नळ त्याच्या तळाला बसवायचा, म्हणजे पाणी उतारानं येतंय. शेजारच्या मास्तरांचा खड्डा गुडघ्याएवढा. आमचा आधी कंबरेएवढा, मग छातीएवढा, शेवटी अण्णांनी त्याला पायऱ्या काढल्या. मी कॉलेजात जाणारा उंचापुरा गडी, पण खड्ड्यात उभारलो की वरून नुसतं डोस्कं दिसायचं. एकदा पोस्टमननं वाकून विचारलं, "घरात कोण हाय का?" मी म्हणलं, "हाय की. वरच्या मजल्यावर."

एवढं करून धार करंगळीएवढी. मास्तरांची मनगटाएवढी. पण मास्तर दिलदार माणूस. त्यांचं भरून झालं की भिंतीवरून रबरी नळी टाकायचे अन् त्यांच्या घरच्या काकू मायला ओरडायच्या, "वैनी, लावा घागरी!" आमचं प्यायचं पाणी त्या नळीचंच. अण्णा ते प्यायचे अन् वर म्हणायचे, "मास्तरनं मोटर लावली असंल. न्हाईतर एकाच लाईनीवर तिकडं धो धो अन् इकडं ठिबक ठिबक?"

मला आवाज काढायचा नाद. एसटीचा कंडक्टर, हेडमास्तरांचा खोकला, गिरणीचा पट्टा, सगळं तोंडात. एका पाण्याच्या दिवशी खड्ड्यात बसून घागर भरता भरता मी दुसऱ्या रिकाम्या घागरीत तोंड घातलं अन् मोटर चालू केली. घुर्रर्रर्र. खरी मोटर लाजंल असा आवाज घुमला. मायला हसवायचं होतं, माय हसलीबी. पण अण्णा वसरीवर दाढी करत होते. ते अर्ध्या गालाच्या साबणासकट मास्तरांच्या दारात.

"मास्तर, मोटर बंद करा!"

"कोणती मोटर, भाऊ?"

"मला ऐकू आली ती!"

"मग घरात येऊन बघा की."

"चोर काय माल दाखवून ठेवतंय व्हय?"

चोर म्हणल्याबरोबर मास्तरांनी भिंतीवरची नळी ओढून घेतली. मी खड्ड्यात बसून राहिलो. एवढा खोल खड्डा त्या दिवशी पहिल्यांदा कामाला आला.

दुसऱ्या दिवसापासून माय घागर घेऊन हापशाच्या लाईनीत. काकू समोरून गेल्या की दोघी दोन बाजूला बघायच्या. माय मला म्हणली, "पुढच्या पाण्यापर्यंत तू सांग. न्हाईतर म्या सांगते."

मी विचार केला, आधी पाणी कुठं अडतंय ते काढू, मग कबूल करू, म्हणजे मार जरा कमी पडंल. गल्लीचा वॉल सोडणारा वॉलमन बिडी ओढत बसला होता. त्याला विचारलं. तो नाकातनं धूर सोडत म्हणला, "नळ काढून बघ. तरीबी धार तेवढीच असली तर नळाचा दोष न्हाई. मग मागं मागं जात एकेक जोड सोड. पाणी उसळलं की समज, बोळा तिथंच."

पाण्याच्या दिवशी नळ काढला. करंगळीच. खड्ड्यावरचा जोड सोडला. करंगळीच. मग उंबऱ्याजवळच्या जोडाला पाना लावला अन् पाण्यानं फाडकन हनुवटीवर दिली. त्याच्यासंगं काहीतरी काळं, लिबलिबीत छातीवर येऊन बसलं. मेलेला उंदीर! मी खरंखुरं बोंबललो, तर आतून माय म्हणली, "आता हा कुणाचा आवाज?"

काडीनं उलगडलं तर धोतराचं फडकं. चारपदरी, काठासकट, गाळानं दगड झालेलं. बोंब ऐकून आलेल्या अण्णांनी काठ चिमटीत धरून बघितला. मग हळू म्हणले, "हे म्या घातलंय."

चाकुराकडं त्यांच्या गावात पायऱ्यांची विहीर होती. तिच्या पाण्यानं त्यांच्या बहिणीला नारू झाला. पायातनं दोऱ्यागत किडा निघायचा, तो काडीला रोज थोडा थोडा गुंडाळत बसायचं. ते अण्णांच्या मनात बसलेलं. नळ घेतला तेव्हा लोक नळाच्या तोंडाला फडकं बांधायचे अन् धुऊन परत बांधायचे. अण्णांना वाटलं, पोरं सोडतील. म्हणून आपल्या हातानं जोडाच्या आत बसवलं. अन् विसरले. दुष्काळात धरणाच्या तळाचं पाणी यायला लागलं, तो सगळा गाळ त्यात अडकला. अन् आम्ही खांदतोय खड्डा.

जोड बसवला, नळ लावला. खड्ड्यात मनगटाएवढी धार. एवढी खुशी पुन्हा मिळणार न्हाई म्हणून मी बोलून टाकलं, "अण्णा, ती मोटर म्या व्हतो."

त्यांना कळंना. मग काढून दाखवावी लागली. घुर्रर्रर्र.

अण्णांनी पाना खाली ठेवला, मी देवाचे आभार मानले. त्यांनी एका हातात फडकं घेतलं, दुसऱ्यात माझा कान, अन् मास्तरांचं दार गाठलं.

"मास्तर, मोटर घेऊन आलोय." मग फडकं पुढं धरलं. "अन् ह्यो चोर. माझ्याच धोतराचा हाय."

मास्तर कधी माझ्याकडं बघतात, कधी फडक्याकडं. काकू मात्र आतूनच म्हणल्या, "वैनी चार दिवस हापशावर उभारल्या. त्याचं काय?" अण्णांची मान खाली.

तेवढ्यात काकूंचाच आवाज, "आवो, आपल्या नळाची धार बसली!"

बसणारच. आमचा पाईप मोकळा, त्यात आमचा नळ पाताळात. सगळं पाणी आमच्याकडं. आम्ही पळत येऊन नळ बंद केला, तेव्हा कुठं त्यांची घागर भरली.

पाणी गेल्यावर अण्णांनी नळ वर घेतला अन् मला टोपलं दिलं. खड्डा बुजवायचा, एकट्यानं. मास्तर काठावर उभारून माप दाखवत होते, "अजून. अजून टाक लेका." सगळ्यात वरची एकच पायरी उरली तेव्हा अण्णांना म्हणले, "राहू द्या भाऊ. बायकांला बसायला व्हईल."

तिथं बसून काकू मायशी त्याच संध्याकाळी बोलल्या. माझ्याशी दिवाळीपर्यंत न्हाई.