टाकी काठोकाठ आणि मी पाण्यावाचून

काय झालं माहितीये का, गरोदरपणात ताकद कमवायला गेले आणि अख्ख्या गल्लीला पाणी वाहायला लावलं! हसा, पण आधी ऐका.

नवरा रांजणगावला कंपनीत, तिकडेच राहायचा, रविवारी तेवढा यायचा. मी यवतला, नव्या गल्लीत, एकटी. बोलायला कोण? पोटातलं बाळ! तेसुद्धा माझ्या गप्पांना कंटाळलं असणार.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "सगळं छान आहे. हलकं वजन उचलत जा. पाठीला, कमरेला बळ येतं, बाळालाही चांगलंच. फक्त श्वास रोखायचा नाही."

आता डंबेल कुठून आणू? तेलाच्या दोन रिकाम्या कॅनमध्ये थोडं पाणी भरलं आणि अंगणात लागले खाली-वर करायला.

समोरच्या सखूमावशी धावतच आल्या. "आगं बया! दोन जिवाची बाई तू, आन् पाणी वाहतीस? नळाला पाणी न्हाई व्हय?"

'व्यायाम करतेय' एवढंच म्हणायचं ना? पण मावशींनी कॅन हिसकावून घेतले आणि पायरीवर बसकण मारली. माझ्या दारात बसलेलं पहिलं माणूस! उठून जातील, या भीतीनं मी म्हणून बसले, "नाही ना मावशी, नळ बंद पडलाय. चहा टाकू?"

दुसऱ्या दिवशी बायका कळश्या घेऊन दारात! माझी टाकी तर काठोकाठ. मग काय, सगळं पाणी गुपचूप कढीपत्त्याला. रोप कुजलं बिचारं, पण घर कसं गजबजून गेलं! व्यायाम मात्र बंद. मला कुणी तांब्यासुद्धा उचलू देईना.

शेवटी मावशींचे यजमान, आप्पा, कुणाला न विचारता प्लंबरलाच घेऊन आले. त्यानं तोटी फिरवली आणि पाणी धो धो!

मावशी दारातच उभ्या. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला.

"रागावू नका मावशी," मला रडूच फुटलं. "एकटीला करमत नव्हतं हो."

मावशी हसायलाच लागल्या. "मला पैल्याच दिशी कळलं हुतं. तुझी टाकी वरनं वाहत हुती की!"

"मग पाणी कशाला आणत होता?"

"च्या बरा करतीस. आन् पोरं पुण्याला गेल्यापासनं मलाबी कुठं करमतंय?" कॅन माझ्या हातात देत मावशी म्हणाल्या, "एवढं वजन उचलतीस, आन् 'मावशी, च्याला या' म्हणायला तुझ्यात जोर न्हाई व्हय?"